ठासणीची बंदूक आणि आधणाचं पाणी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीकडे, खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांशेजारी पाटावर अजून एखादी परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक दिसते. आदल्या दिवशी ती धुतात. हो, धुतात, तेही आधणाच्या पाण्याने. नवख्याला वाटतं, लोखंडाला पाणी कशाला दाखवायचं?

कारण दारूत आहे. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. बार उडाला की तिचा निम्म्याहून अधिक भाग क्षार होऊन उरतो, नळीला चिकटतो आणि घाटमाथ्याची ओल ओढून घेतो. हे क्षार घासलेटात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. म्हणून आधी गज सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करायची, मग पाणी ओतायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं. नितळ येईपर्यंत ओतत राहायचं. तापलेली नळी आपोआप सुकते. मग गजाला चिंधी गुंडाळून पुसायची आणि तेलाचा हात द्यायचा.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. थ्री-नॉट-थ्री रायफलीवर शिकलेल्या जवानांना दस्त्यातली तेलाची पितळी कुपी आणि पुल-थ्रूची, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची, दोरी पाठ असे. त्या काडतुसाच्या टोपीतूनही (ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या भागातूनही) क्षार उरत, म्हणून पलटणीतही उकळतं पाणीच. घरचा म्हातारा आणि पेन्शनीत आलेला हवालदार यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत!

बाकी बंदुकीवर मालकाचा हात फारसा उरला नाही, त्याची गोष्ट जुनी आहे. इंग्रजांच्या १८५७ च्या निःशस्त्रीकरण कायद्याला मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नकार दिला. १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे उठले. दोन्ही बंडं मोडली. पुढे १८७८ चा आणि मग १९५९ चा शस्त्र कायदा आला. आता नळी परस्पर आखूड करणं गुन्हा, आणि घोड्याची कमान तुटली तरी परवानाधारक कारागीरच गाठावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर रानडुकरावर मनाला येईल तेव्हा गोळी झाडता येत नाही. भात पोटरीला आलं की नुसता बार काढून कळप हुसकायचा. नळी मात्र त्यानेही तेवढीच काळी होते.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. आमच्या ओळखीतल्या एकाची अशीच मेच्या मतदानानंतर, पाऊस लागल्यावर परत आली. पावती व्यवस्थित, नळीच्या तोंडाशी बोटभर गंज. त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि चुलीवर पाणी ठेवलं.