पाय टेकणं वेगळं, पाठ टिकणं वेगळं

कॉलेजात आरएक्स १०० नाहीतर सीडी १०० चालवली, संसार सुरू झाल्यावर स्कूटर आली, मग कार. मधे पंधरा-वीस वर्षं गेली आणि आता पन्नाशीच्या आसपास पुन्हा मोटारसायकल घ्यावीशी वाटते. अशा माणसाची शोरूममध्ये पहिली अट एकच असते: गाडी आरामाची हवी. ती सांगितली की बहुतेक वेळा त्याला दोन गाड्यांसमोर नेलं जातं, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि तिच्या शेजारची मिटिऑर ३५०. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, तोच संथ ठोका. फरक काय विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "इंजिन तेच आहे साहेब, फक्त लूक वेगळा."

इंजिन खरंच तेच आहे. ३४९ सीसी, एक सिलिंडर, साधारण २० बीएचपी, २७ न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअर. नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर हे इंजिन घेऊन आली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिकनेही जुनं इंजिन सोडून हेच घेतलं. यात बॅलन्सर शाफ्ट आहे. पिस्टनच्या वरखाली होण्याने जो धक्का बसतो त्याच्या उलट दिशेने तो फिरतो आणि धक्का बराचसा मारून टाकतो. त्यामुळे जुन्या गाडीवर सत्तरच्या पुढे हँडलमधून हातात चढणारी थरथर आता दोन्हींवर फारशी जाणवत नाही. पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा फोर्कही दोन्हींना ४१ मिलिमीटरचा, १३० मिलिमीटर दबणारा. वजन मिटिऑरचं १९१ किलो, क्लासिकचं १९५. म्हणजे तांत्रिक माहितीचा कागद वाचून या दोघींत निवड करणं अवघड आहे, आणि इथेच माणूस रंग बघून ठरवतो.

पण तुमचं शरीर या दोन गाड्यांवर दोन वेगळ्या प्रकारे बसतं. मिटिऑर ही क्रूझर आहे. तिचे फूटरेस्ट पुढे सरकवलेले आहेत, सीट खाली आहे, हँडल मागे तुमच्याकडे येतं. क्लासिकवर फूटरेस्ट जवळजवळ गुडघ्यांच्या खाली येतात आणि पाठ सरळ राहते. यातून दोन निराळे आराम मिळतात. एक गाडी थांबलेली असतानाचा, दुसरा ती चालतानाचा. शोरूममध्ये फक्त पहिला कळतो.

पहिल्याला कमी लेखू नका. मिटिऑरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे, क्लासिकची ८०५ वर. तुलनेसाठी, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची स्प्लेंडर ७८५ वर आहे. आकडे बघून वाटतं की क्लासिक स्प्लेंडरपेक्षा दोनच सेंटिमीटर उंच, त्यात काय! पण स्प्लेंडरची सीट पुढे निमुळती आहे आणि क्लासिकची रुंद. रुंद सीटवर मांड्या फाकतात, आणि फाकलेला पाय जमिनीपर्यंत कमी पोचतो. म्हणून साडेपाच फुटांच्या आतल्या बऱ्याच जणांना क्लासिकवर चवड्यांवर यावं लागतं आणि मिटिऑरवर दोन्ही तळवे सपाट टेकतात. शिवाय स्प्लेंडर ११२ किलोची. तिच्यापेक्षा ऐंशी किलोंनी जड गाडी एका बाजूला थोडी जास्त कलली की एका पायावर सावरत नाही. वीस वर्षांनी परत आलेल्याला पहिले काही आठवडे धास्ती असते ती वेगाची नाही, तर उतारावरच्या पार्किंगची, पावसात सिग्नलला थांबण्याची आणि अरुंद गल्लीत गाडी वळवण्याची. पाय पक्का टेकला की ही धास्ती निम्मी होते.

आता चालतानाचं. पाय पुढे गेले की कंबरेचा खालचा भाग मागे कलतो. कण्याला खाली जो नैसर्गिक आतला बाक असतो तो सपाट होतो आणि शरीराचं सगळं वजन माकडहाडाच्या आसपास उतरतं. मऊ सीटवर, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हे आरामखुर्चीसारखं वाटतं. पण आरामखुर्चीला खड्ड्यातून जायचं नसतं. मागच्या चाकाखाली खड्डा आला की धक्का सीटमधून थेट कण्यात जातो, कारण पाय पुढे असल्याने तुम्हाला सीटवरून सहज उठता येत नाही. क्लासिकवर पाय अंगाखाली असतात. गतिरोधक दिसला की फूटरेस्टवर किंचित जोर द्यायचा आणि बूड सीटपासून इंचभर सुटू द्यायचं. तेवढ्याने तो धक्का गुडघे आणि घोटे झेलतात, पाठ वाचते. सायकल चालवणारी शाळकरी मुलं हे न शिकवता करतात. क्रूझरवर ते करायचं तर हँडलला ओढून स्वतःला उचलावं लागतं, आणि दिवसभरात प्रत्येक गतिरोधकावर कोणी तसं करत नाही.

मग क्रूझर बनवलीच का? तर ती अमेरिकेतल्या सरळ, लांबच लांब, तुळतुळीत महामार्गांच्या हिशोबाने घडलेली गाडी आहे. तिथे तास-दोन तास एकाच वेगात जायचं असतं, गिअर क्वचित बदलायचा असतो आणि गुडघे मोकळे पसरलेले असले तर बरंच वाटतं. आपल्याकडे नेमके तसे काही रस्ते दुचाकीला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलला बंदी, समृद्धी महामार्गावरही बंदी. पुण्याहून कोल्हापूर-बेळगावकडे जाणारा महामार्ग खुला आहे आणि तिथे मिटिऑर खरोखर शोभते. पण रविवारी सकाळी निघणारा माणूस ताम्हिणीत जातो, वरंध्यात जातो, कऱ्हाडहून कुंभार्ली उतरून चिपळूणला जातो. गावागणिक गतिरोधक, पावसाळ्यानंतर उखडलेला डांबराचा थर, घाटात सतत डावं-उजवं. या रस्त्यांवर पाय अंगाखाली असणं हाच आराम आहे, असं माझं ठाम मत आहे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो गुडघ्यांचा. क्लासिकवर गुडघा जास्त दुमडलेला राहतो. ज्यांचे गुडघे पाऊण तास दुमडून बसल्यावर आखडतात, त्यांना मिटिऑरवर पाय मोकळे मिळतात आणि तो फरक पहिल्याच दिवशी कळतो. म्हणून निवड करण्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं की माझं आधी काय बोलतं, कंबर की गुडघा? कंबर बोलत असेल तर क्लासिकच्या बाजूने झुका. गुडघा बोलत असेल किंवा उंची बरीच कमी असेल तर मिटिऑर घ्या आणि वेग थोडा कमी ठेवून रस्ते निवडून फिरा. कंबरेचं जुनं दुखणं असेल तर ही निवड गाडी बघायला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलूनच करावी.

डबलसीट जाणार असाल तर मागे बसणाऱ्या व्यक्तीला दोन्ही गाड्यांवर प्रत्यक्ष बसवूनच बघा. तिला किंवा त्याला तुमच्या पायांच्या ढबीशी काही देणंघेणं नसतं, मागची सीट किती रुंद आहे आणि पाठीला टेकू आहे का एवढंच हवं असतं.

"सीट मऊ आहे ना" हे बोटाने दाबून बघणंही सोडून द्या. फार मऊ फोम तासाभरात चेपतो आणि हाडं खालच्या कडक पायाला लागतात. थोडी घट्ट सीट लांबच्या प्रवासात जास्त साथ देते.

निवड अगदी काट्यावर आली तर माझ्यासाठी निर्णायक ठरते ती नंतरच्या दुरुस्तीची सोय. क्लासिकची उंची जास्त वाटली तर चांगला कुशनवाला सीटच्या पुढच्या कडा आणि थोडा फोम उतरवून देतो. काम स्वस्तात होतं आणि पाय बऱ्यापैकी टेकायला लागतो. हँडलही सैल करून थोडं मागे फिरवता येतं. मिटिऑरवर पाठ दुखायला लागली तर मात्र फूटरेस्ट मागे घ्यावे लागतील, आणि त्यांच्याबरोबर ब्रेकचा पेडल आणि गिअरचा दांडाही. ते कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काम नाही.

या दोघींच्या मधली जागाही रिकामी नाही. रॉयल एनफिल्डच्याच हंटर ३५० मध्ये तेच इंजिन आहे, सीट ७९० वर आणि वजन १८१ किलो, त्यामुळे शहरात ती या दोघींपेक्षा हलकी वाटते. पण १७ इंची लहान चाकं खड्डे जास्त जाणवू देतात. होंडाची हायनेस सीबी ३५० देखील १८१ किलोची, सीट ८०० वर, आणि क्लच इतका हलका की ट्रॅफिकमध्ये डावा हात दमत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०, त्यामुळे याच गटात राहण्यात पैशांचाही फायदा आहे.

एक गोष्ट परत येणाऱ्यांना बहुधा नवी असते: एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हर थडथडते, तेव्हा दचकून हात सोडायचा नाही, दाबून धरायचा. क्लासिकच्या स्वस्त प्रकारात एबीएस फक्त पुढच्या चाकाला मिळत आलं आहे, तेव्हा बुकिंगआधी विचारून घ्या.

शोरूमची टेस्ट राइड दहा मिनिटांची असते आणि पाठीचं उत्तर तेवढ्यात मिळत नाही. दुकानातच करायच्या गोष्टी वेगळ्या: नेहमीचे बूट आणि हेल्मेट घालून बसा, स्टँड काढून गाडी मागे ढकलून बघा, शेजारच्या उतारावर उभी करून दोन्ही पायांवर तोला. बाकीच्यासाठी पुण्यात किंवा गोव्यात भाड्याने दोन्ही गाड्या मिळतात. एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी घ्या, आणि दोन्ही वेळा तोच रस्ता, दोन-अडीच तास, मधे घाट आणि खराब पट्टा येईल असा. त्या संध्याकाळी काही ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना कुठे दुखतंय ते लिहून ठेवा, आणि बुकिंगचे पैसे त्यानंतरच भरा.