विश्लेषणात्मक विषविज्ञान : संशोधनाचे कल आणि प्रकाशनाची रीत

रक्त, लघवी, यकृत, केस किंवा जठरातील अन्न अशा नमुन्यांतून विष वा औषध वेगळे काढणे, ते ओळखणे आणि त्याचे प्रमाण मोजणे, हे विश्लेषणात्मक विषविज्ञानाचे काम. महाराष्ट्रात सामान्य माणसाची या शास्त्राशी गाठ पडते ती ‘व्हिसेरा (शवातून तपासणीसाठी काढलेले अवयव) राखून ठेवला आहे’ आणि ‘सी.ए. रिपोर्ट यायचा आहे’ या दोन वाक्यांतून. सी.ए. म्हणजे केमिकल ॲनालायझर, रासायनिक विश्लेषक. कोणती पद्धत वापरायची आणि हाती आलेला आकडा घातक समजायचा की उपचाराच्या मात्रेतला, हे तो छापून आलेल्या निबंधांच्या आधारे ठरवतो. त्यामुळे या शास्त्रात काय छापले जाते आणि काय छापायचे राहून जाते, याचा परिणाम थेट खटल्यापर्यंत पोचतो.

विष ओळखण्याची धडपड जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘आशुमृतकपरीक्षा’, म्हणजे अकस्मात मेलेल्यांची तपासणी, हे प्रकरण आहे. शरीरातून काढलेला अंश विस्तवात टाकल्यावर चिटचिट आवाज झाला किंवा इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर विष समजावे, असे त्यात सांगितले आहे. आधुनिक लेखनाची सुरुवात मात्र एका फसलेल्या साक्षीतून झाली. नातवाने आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याच्या आरोपावरून इंग्लंडमध्ये खटला चालला. जेम्स मार्श या रसायनज्ञाने आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला, पण ज्यूरीला दाखवेपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. मार्शने १८३६ साली नवी परीक्षा प्रसिद्ध केली. तीत आर्सेनिक काचेवर चकचकीत काळसर थर होऊन बसे आणि तो न्यायालयात दाखवता येई. १८४० साली फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात स्थानिक रसायनज्ञांना ही परीक्षा नीट साधली नाही, मग पॅरिसहून विषतज्ज्ञ मात्यू ऑर्फिला यांना बोलवावे लागले आणि त्यांनी आर्सेनिक दाखवून दिले. दहा वर्षांनी बेल्जियममध्ये निकोटीनने झालेल्या खुनाचा तपास करताना रसायनज्ञ झाँ सर्व्हे स्तास यांनी अवयवांतून वनस्पतिज विषे काढण्याची पद्धत बसवली. ऑटो यांनी सुधारलेली ती स्तास-ऑटो पद्धत भारतातील विद्यार्थी अजूनही शिकतात.

खून आधी आणि निबंध मागून, हा क्रम पुढेही टिकला. फक्त खुनाच्या जागी पुढे व्यसन आले, नोकरीच्या ठिकाणची तपासणी आली, खेळाडूंची उत्तेजके आली.

विषयांच्या लाटांबरोबर उपकरणांच्याही लाटा आल्या. १९६०च्या दशकात पातळ थराची वर्णलेखन पद्धत, म्हणजे टीएलसी, सर्वत्र होती; तीत काचेवरच्या पातळ थरात मिश्रणातील घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत विभागले जातात. १९७० नंतर मिश्रण वायुरूपात वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीला रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरची जोड मिळाली आणि जीसी-एमएस हा कित्येक वर्षे पुराव्याचा सुवर्णमानक ठरला. १९९०च्या दशकापासून द्रव वर्णलेखनाची एलसी-एमएस-एमएस यंत्रे आली. उष्णतेने विघटित होणारी औषधेही त्यांवर मोजता येऊ लागली. त्यानंतर अचूक वस्तुमान सांगणारी उच्च विभेदनाची यंत्रे आली. प्रत्येक यंत्रासोबत निबंधांचे पीक येते आणि त्यातले बरेचसे ‘तेच औषध, नवे यंत्र’ या जातीचे असते. अशा निबंधांना नावे ठेवण्याची रीत आहे, पण प्रयोगशाळेतला माणूस रोज उघडतो तो हाच निबंध. कोणता द्रावक, कोणता स्तंभ, किती मिनिटे, हे त्यातच लिहिलेले असते.

या क्षेत्राला स्वतःची नियतकालिके उशिरा मिळाली. १९६३ साली लंडनमध्ये न्यायवैद्यक विषविज्ञान्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, ‘टिआफ्ट’, स्थापन झाली. १९७७ साली ‘जर्नल ऑफ ॲनालिटिकल टॉक्सिकॉलॉजी’ निघाले आणि रँडल बॅसेल्ट त्याचे पहिले संपादक झाले. ‘फॉरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’, जपानमधून निघणारे ‘फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजी’ आणि २००९ पासूनचे ‘ड्रग टेस्टिंग अँड ॲनालिसिस’ ही बाकीची ठळक नावे. ही सगळी लहान क्षेत्राची पत्रे असल्याने त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर (एका लेखाला सरासरी किती उद्धरणे मिळतात तो आकडा) वैद्यकातील बड्या नियतकालिकांच्या जवळपासही जात नाही. स्वीडनचे मद्यार्कतज्ज्ञ ए. वेन जोन्स यांनी या आकड्याच्या मर्यादांवर वारंवार लिहिले. त्यातली मेख साधी आहे. उद्धरण तोच करतो जो स्वतः निबंध लिहितो. विश्लेषकांपैकी बहुसंख्य लोक अहवाल लिहितात, निबंध नाही. एखाद्या लेखाच्या आधारे शंभर खटल्यांत साक्ष झाली, तरी उद्धरणांच्या मोजणीत त्याचा पत्ता नसतो.

लेखांच्या प्रकारांत प्रकरण-वृत्तान्ताचे स्थान विशेष आहे. अन्य विज्ञानांत एका रुग्णावरचा लेख किरकोळ समजला जातो, इथे मात्र त्याच्यावर बरेच उभे आहे. माणसाला विष देऊन प्रयोग करता येत नाही, म्हणून मृतांच्या रक्तातील आकडे अशा वृत्तान्तांतून गोळा होतात आणि उपचारात्मक, विषारी व घातक पातळ्यांच्या कोष्टकांत जाऊन बसतात. वृत्तान्त छापला जातो तो विरळा, धक्कादायक किंवा पहिला म्हणून. नेहमीचा मृत्यू छापण्यालायक ठरत नाही, त्यामुळे कोष्टकांचा कल असाधारण आकड्यांकडे झुकतो. त्यात शवातील रक्त स्थिर राहत नाही ही आणखी अडचण. मृत्यूनंतर औषध यकृत-फुप्फुसांतून जवळच्या रक्तात पाझरते, म्हणून हृदयातील रक्ताचा आकडा मांडीच्या शिरेतील रक्ताच्या कित्येक पट निघू शकतो. १९९० साली पाउंडर आणि जी. आर. जोन्स (वर आलेले जोन्स वेगळे) यांनी या प्रकाराला विषविज्ञानाचे दुःस्वप्न म्हटले. त्यानंतर ‘रक्त कुठून घेतले’ हे न सांगणारे जुने आकडे संशयास्पद झाले, पण कोष्टकांतून त्यांची हकालपट्टी अजून पुरती झालेली नाही.

नियमही निबंधांना जन्म देतात. अमेरिकेत १९८६च्या अध्यक्षीय आदेशानंतर केंद्रीय नोकरांची लघवी तपासू लागले, आणि खसखस घातलेला पाव खाल्ला तरी लघवीत अफूतले मॉर्फिन सापडते यावर लेखच लेख आले. (आपल्या अनारशांवर प्रयोग झाला असता तर तोही शोभला असता.) अखेर १९९८ साली तेथील मॉर्फिनची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० करावी लागली.

अलीकडची सर्वांत मोठी लाट नव्या मनोप्रभावी पदार्थांची. २००८च्या अखेरीस जर्मनीत धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘स्पाइस’ या मिश्रणात जेडब्ल्यूएच-०१८ हा कृत्रिम गांजासदृश रेणू सापडला. तो मुळात अमेरिकेतील जॉन हफमन यांच्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत तयार झाला होता. पुढे फेंटानिल या अफूसारख्या तीव्र कृत्रिम वेदनाशामकाचे भाऊबंद आले, मग त्याच गुणाचे निटाझीन. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत अशा पदार्थांची संख्या १,००० पलीकडे गेली आहे. इथे प्रकाशनाचा वेगच अपुरा पडतो. निबंध लिहून, परीक्षकांकडून येऊन छापला जाईपर्यंत तो रेणू बाजारातून गेलेला असतो आणि त्याचा धाकटा भाऊ आलेला असतो. म्हणून नव्या पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेतील एनपीएस डिस्कव्हरी या उपक्रमाच्या सार्वजनिक सूचना, किंवा अनेक देशांच्या प्रयोगशाळा मिळून भरतात तो हायरेसएनपीएस हा वस्तुमानांचा साठा, अशा नियतकालिकाबाहेरच्या वाटा रुळल्या.

या लाटेत भारतातील विषे मात्र मागे राहतात. कीटकनाशक पिऊन जगभरात दरवर्षी १ लाखाहून अधिक माणसे आत्महत्या करतात असा अंदाज आहे आणि त्यांतली बरीचशी आशियातील ग्रामीण भागांत. या क्षेत्रातील आघाडीच्या पत्रांचे अंक चाळले तर जास्त पाने पाश्चात्त्य शहरांतील नशेच्या पदार्थांना गेलेली दिसतात. मराठवाड्यातून या विषयाला एक चांगली भर पडली. १९८०-९०च्या दशकांत औरंगाबादच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील रसायनज्ञांनी टीएलसीच्या काचेवर कीटकनाशकांचे ठिपके उमटवणारी फवारा-द्रावणे शोधली आणि ती ‘ॲनालिस्ट’सारख्या ब्रिटिश नियतकालिकात छापली. महागड्या यंत्राची गरज नाही, रंग डोळ्यांना दिसतो, आणि व्हिसेऱ्यातील सडलेल्या प्रथिनांचा गोंधळ होत नाही, असा त्या कामाचा रोख होता. धान्यातील सेल्फॉसच्या गोळीवर, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडवरही भारतीयांचे लेखन पुष्कळ आहे, पण ते मुख्यतः डॉक्टरांचे. रुग्ण कसा आला, किती तासांत गेला, हे त्यात असते. गोळीतून सुटणारा विषारी फॉस्फीन वायू नमुन्यातून उडून जातो, त्यामुळे मोजलेला आकडा क्वचितच दिसतो.

विश्लेषकांनी कमी लिहावे याला कामाचा भार हे कारण आहेच, पण कायद्याचाही वाटा असावा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार, सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. अमेरिकेत २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मेलेंडेझ-डियाझ खटल्यात विश्लेषकाची उलटतपासणी हा आरोपीचा हक्क ठरवला. तिथे साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या विश्लेषकाला ‘ही पद्धत तपासून पाहिली आहे, इथे छापली आहे’ असे सांगावे लागते. मुंबईतील कलिना किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेतून निघालेला कागद बहुतेक वेळा एकटाच न्यायालयात जातो.