मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं?

गर्भसंस्काराची परंपरा आपली, पण तिच्यावर ‘विज्ञानानं सिद्ध’ असा शिक्का मारायची वेळ आली की बऱ्याचदा मोझार्ट या युरोपीय संगीतकाराला साक्षीला बोलावतात. ती साक्ष मुळात काय होती, ते पाहण्यासारखं आहे.

१९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जेमतेम पानभराचं एक टिपण छापून आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ जणांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा (वाद्यरचना) ऐकवला, मग लगेच कोडी घातली. घड्या घालून कात्री लावलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीची. शांत बसून किंवा मन सैलावण्याच्या सूचना ऐकून सोडवलेल्या कोड्यांपेक्षा संगीतानंतरचे गुण, बुद्ध्यंकाच्या मापात, आठ-नऊने जास्त भरले. हा फरक दहा-पंधरा मिनिटांत विरून गेला, हे त्याच टिपणात लिहिलेलं आहे. आणि ते ३६ जण कॉलेजात शिकणारे होते. बाळांचा या प्रयोगाशी काडीचा संबंध नव्हता!

तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायची म्हणून १,०५,००० डॉलर मागितले. विधिमंडळात बेथोव्हनची धून वाजवून ‘आत्ताच हुशार झाल्यासारखं वाटतंय ना?’ असंही त्यांनी सदस्यांना विचारलं. मोझार्टच्या जागी बेथोव्हन आला, हे कुणाला खटकलं नसावं.

पडताळणी मागाहून झाली. १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर शाब्री यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा परिणाम नगण्य निघाला. त्याच वर्षी कॅनडातल्या एका अभ्यासात असं दिसलं, की आवडीची कथा ऐकूनही कोडी तितकीच चांगली सुटतात. म्हणजे करामत मोझार्टची नव्हती, तरतरी आल्याची होती. ब्रिटनमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तर मोझार्टपेक्षा पॉप गाणी जास्त मानवली.

संगीत ऐकणं आणि शिकणं यांतही गल्लत होते. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर कीबोर्ड किंवा गाणं शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जेमतेम तीन गुणांनी अधिक वाढला होता, आणि पुढच्या काटेकोर चाचण्यांत तोही फरक टिकला नाही.