पार्श्वभूमी : पाहुणा शिपाई ‘कामावर’ कधी असतो?

नागपूरला ना समुद्र, ना बंदर. तरी परदेशी युद्धनौका आपल्या धक्क्याला लागल्याची बातमी आली की इथल्या गप्पांत १८१६ची तैनाती फौज हमखास निघते. भोसल्यांच्या राज्यात कंपनीच्या पलटणी, खर्च राज्याच्या माथी, पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई, मग कामठीची छावणी. आठवण रास्तच, पण ती फौज मुक्कामाला आली होती. चार दिवसांसाठी जहाजावरून उतरणारा नौसैनिक पाहुणा असतो. त्याने गुन्हा केला तर खटला कोणी चालवायचा, एवढाच खरा तंटा आहे.

१९४२मध्ये ब्रिटिश सरकारने वटहुकूम काढून भारतातल्या अमेरिकी सैनिकांना इथल्या फौजदारी न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. इथल्या लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आज पाहुण्या सैनिकांवरचे खटले कोणी चालवायचे हे ठरवणारा सरसकट करार अमेरिकेशी नाही. २०१६चा करार इंधन, रसद, दुरुस्ती यांपुरता आहे. परवानगी दर वेळी वेगळी आणि वापरलेल्या मालाचे पैसे चुकते करायचे. ‘परदेशी तळ येणार’ या ओरडीत खटल्यांचा मुद्दा मात्र कोणी काढला नाही. त्याआधी २००७मध्ये अणुशक्तीवर चालणारी अमेरिकी विमानवाहू नौका ‘निमिट्झ’ चेन्नईजवळ नांगरली, तेव्हाचा गदारोळही बराचसा किरणोत्साराचा होता.

जगभरातल्या अशा करारांत सगळे अडते ते ‘कर्तव्यावर’ या शब्दापाशी. रजेवर उतरलेल्या शिपायाने बाजारात मारामारी केली तर स्थानिक पोलीस. कामावर असताना काही घडले तर बहुधा त्याचा देश. पण तो कामावर होता, हे ठरवायचे कोणी? बऱ्याचदा त्याच्याच वरिष्ठाचा दाखला पुढे येतो.

या शब्दाची खरी किंमत आपण मोजली ती केरळच्या प्रकरणात. ते किनाऱ्यावर उतरण्याचे प्रकरण नव्हते, पण गाठ तीच होती. फेब्रुवारी २०१२मध्ये इटालियन तेलवाहू जहाजावर पहाऱ्याला असलेल्या दोन इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार गेले. जहाज कोचीला आणून दोघांना अटक झाली. नाताळला घरी जाऊन ते परतले. पुढे मतदानासाठी पुन्हा गेले, तेव्हा इटलीने आधी त्यांना परत पाठवायचेच नाकारले. मग वर्षानुवर्षे चाललेल्या वादातला एक मोठा प्रश्न : ते सरकारी कामावर होते की नाही? २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तीन विरुद्ध दोन मतांनी ‘होते’ असे म्हटले. म्हणजे भारतात खटला नाही, फक्त भरपाई. निर्दोष ठरणे वेगळे आणि खटल्यापासून संरक्षण मिळणे वेगळे, हे तेव्हाच्या मथळ्यांतून निसटलेच. १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले.

लवादाने चौकशी इटलीवर सोपवली होती. जानेवारी २०२२मध्ये रोममध्ये तीही गुंडाळली गेली.