कंपाउंड माइटर सॉ : सुरक्षित वापर आणि निगा

कंपाउंड माइटर सॉ हे लाकडी पट्टी ठरावीक कोनात आडवी कापण्याचे विजेवर चालणारे यंत्र आहे. साध्या माइटर सॉमध्ये खालची गोल तबकडी डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे पट्टीच्या रुंदीवर कोन मिळतो. कंपाउंड प्रकारात पात्यासकट वरचे डोकेही एका बाजूला कलते आणि जाडीवरही कोन येतो. दोन्ही कोन एकाच कापात घेता येतात, म्हणून हे नाव. डोके दांड्यांवरून पुढे-मागे सरकत असेल तर त्याला स्लाइडिंग म्हणतात आणि त्यावर रुंद फळीही कापता येते. विजेवरचा पहिला माइटर सॉ अमेरिकेतील रॉकवेल कंपनीने १९६४ मध्ये बाजारात आणला. त्याआधी हेच काम लाकडी खाचेत करवत धरून हाताने होत असे. लहान कामासाठी अनेक मिस्त्री आजही तसेच करतात.

नागपुरात हे यंत्र प्रामुख्याने दोन ठिकाणी दिसते. एक म्हणजे लकडगंज आणि आसपासचे फर्निचरचे कारखाने, दुसरे बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या इमारतींतले फ्लॅट. दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी, काचेची बीडिंग, स्कर्टिंग, फोटोफ्रेम ही त्याची रोजची कामे. उतरत्या बाजूंची चौकोनी कुंडी करायची असेल तर दोन्ही कोन एकदम लागतात. बाजू ४५ अंशांत कललेल्या असतील तर तबकडी ३५.३ अंशांवर आणि डोके ३० अंशांवर ठेवावे लागते. असे काम हाताने करायला कसलेला सुतार हवा आणि त्यालाही वेळ लागतो.

कोनातली चूक या कामात साठत जाते. चौकटीला चार सांधे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला आणि सगळे एकाच बाजूला चुकले, तर तीन सांधे घट्ट बसवल्यावर चौथ्यात ४ अंश उघडे राहतात. पट्टी ५० मिमी रुंद असेल तर बाहेरच्या टोकाला जवळपास ५ मिमी फट दिसते. ही फट पुष्कळदा पुट्टी-भुश्याने भरली जाते आणि पॉलिशखाली काळी पडून पुन्हा वर येते. अशी चूक यंत्राच्या मापात असते किंवा कापताना पट्टी किंचित हलल्याने येते. दुसरे कारण जास्त वेळा सापडते आणि हात जाण्याचे कारणही बहुधा तेच असते. म्हणून या यंत्राच्या बाबतीत सफाई आणि सुरक्षितता वेगवेगळी शिकवता येत नाही. लाकूड खालच्या टेबलाला आणि मागच्या फेन्सला, म्हणजे उभ्या आधारपट्टीला, कापाच्या जागी पूर्ण टेकलेले असणे आणि पाते थांबेपर्यंत तसेच राहणे, हे दोन्हींचे मूळ आहे.

पाते

बाजारात मुख्यतः २५५ मिमी आणि ३०५ मिमी व्यासाची पाती मिळतात. सुतार त्यांना दहा इंची आणि बारा इंची म्हणतो. दहा इंची पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल तर त्याच्या दात्याचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. पात्याची पुढची कड खाली येते आणि तळाचे दाते फेन्सच्या दिशेने जातात. म्हणजे पाते स्वतःच लाकडाला टेबलावर आणि फेन्सवर दाबते. लाकूड फेन्सपासून सुटे असेल तर हाच जोर ते खेचून फेन्सवर आपटतो आणि लाकडावर ठेवलेला हात त्याच्याबरोबर पात्याकडे जातो. हे डोळ्यांनी टिपण्याआधीच घडून गेलेले असते.

दात्यांचा पुढचा कल माइटर सॉच्या पात्यात कमी किंवा उणा असतो. टेबल सॉचे, म्हणजे टेबलातून पाते वर येणाऱ्या यंत्राचे, जास्त कलाचे पाते इथे लावले तर ते लाकडात स्वतःहून घुसू पाहते. जाड कामाला २४ ते ४० दाते पुरतात. चौकट-बीडिंगच्या सफाईदार कापाला ६० ते ८० लागतात. अॅल्युमिनियमचे सेक्शन कापायचे असतील तर त्यासाठीचे वेगळे पाते लावावे. लोखंडी पाइप मात्र या यंत्रावर कापू नये आणि ग्राइंडरची घासणारी चकती तर मुळीच लावू नये. लाकडी भुसा भरलेल्या पिशवीत ठिणगी गेली की ती आत तासभर धुमसत राहू शकते आणि कारखाना बंद करून सगळे घरी गेल्यावर पेटते.

लाकूड धरणे

पात्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी, म्हणजे सुमारे सहा इंच, एवढ्या पट्ट्यात बोट असू नये. डावा हात पात्याच्या उजवीकडे नेऊन धरणे, म्हणजे हातांची कैची करणे, कायमचे टाळावे. पट्टी वाकलेली असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सला लावावी. खोलगट बाजू लावली तर कापाच्या जागी पोकळी राहते, काप पूर्ण होताना पट्टी मिटते आणि पाते तिच्यात आवळले जाते. गोल दांडा कापताना तो फिरतो, म्हणून त्याला खाच असलेल्या ठोकळ्यात क्लॅम्पने आवळून घ्यावे.

कापाचा क्रम ठरलेला आहे. बटण दाबावे, पात्याला पूर्ण वेग येऊ द्यावा, मग डोके सावकाश खाली आणावे. काप झाला की बटण सोडावे, डोके खालीच धरून ठेवावे, पाते थांबले की वर घ्यावे. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. फिरते पाते वर येताना कापलेल्या तुकड्याला बाजूने दाता लागतो. तुकडा उडतो, नाही उडाला तरी कापाचा काठ खराब होतो. वयस्कर मिस्त्री नव्या पोराला ओरडतो, "पातं थांबू दे ना बाप्पा आधी!" एवढे एक वाक्य अंगात मुरले तरी निम्मे शिक्षण झाले. स्लाइडिंग यंत्रात डोके आधी आपल्याकडे ओढावे, मग खाली आणावे आणि कापत मागे ढकलावे. ओढत कापले तर पाते लाकडावर चढून आपल्याकडे झेपावते.

खरा धोका लहान तुकड्यांचा असतो. तान्ह्या पोळ्याच्या आधीचे आठवडे नागपुरात लाकडी नंदी करण्याचे असतात. नंदीखालचा पाट, चाकांचे ठोकळे, चार-पाच इंचांचे तुकडे शेकड्याने लागतात आणि घाईत ते बोटांनी धरून कापले जातात. प्रस्तुत लेखकाने अशा एका कारखान्यात चाकाचा ठोकळा उडताना पाहिला आहे. मापासाठी दुसऱ्या बाजूला घट्ट ठोकळा लावला होता, म्हणून कापलेला तुकडा पाते आणि ठोकळा यांच्यामध्ये अडकला. पुढच्या क्षणी तो समोरच्या भिंतीवर होता आणि प्लास्टरला बोटभर खड्डा पडला होता. धरणाऱ्याचा हात अंगठ्याच्या रुंदीने वाचला. मापाचा ठोकळा नेहमी धरलेल्या बाजूला असावा आणि कापला जाणारा तुकडा मोकळा असावा. लहान तुकडे हवे असतील तर लांब पट्टीतूनच एकेक कापत यावे. शेवटचा वीतभर तुकडा वाया गेला तरी चालेल, किंवा तो हातकरवतीने कापावा.

जागा आणि हवामान

आपल्याकडे सुतार जमिनीवर उकिडवे बसून, लाकूड पायाने दाबून काम करत आला आहे. करवत आणि पटाशीसाठी ही बैठक उत्तम होती. माइटर सॉ फरशीवर ठेवून तसेच बसले की पाते चेहऱ्यासमोर येते आणि पाय त्या सहा इंची पट्ट्याजवळ जातो. यंत्र कमरेएवढ्या उंचीच्या पक्क्या टेबलावर बोल्टने आवळावे आणि दोन्ही बाजूंना त्याच पातळीचे टेकू ठेवावेत. फ्लॅटमध्ये टेबल न्यायचे नसेल तर घडीचा स्टँड मिळतो. ठेकेदाराने तो दिलाच पाहिजे. यंत्राच्या किमतीपुढे तो काही फार खर्च नाही.

उन्हाळ्यात नागपूरकर डोक्या-कानाला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. कामाच्या जागीही तो गळ्यात लोंबत राहतो. फिरत्या पात्याजवळ दुपट्टा, सैल बाही, मनगटातला गंडा किंवा कडे, यांतले काहीही नको. हातमोजेही नकोत, कारण दाता कातडीला कापतो, पण मोज्याला धरून ओढतो. चष्मा, कानाचे संरक्षण आणि मास्क मात्र हवेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेल्या फळीची, धूळ आणखी बारीक असते. तिथे रुमाल बांधून भागत नाही.

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, खोलीत कूलर लागतोच. त्याचा झोत यंत्राच्या समोरून आला तर भुसा सरळ डोळ्यांत येतो, म्हणून कूलर पाठीमागे किंवा बाजूला असावा. त्याच दिवसांत शहरभर कूलर-एसी चालतात, वीजदाब पडतो आणि मोटर जड चालते. पातळ वायरचे लांब एक्स्टेन्शन असेल तर दाब आणखी उतरतो. हे यंत्र १,८०० वॅटचे असेल तर साधारण ८ अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिमी वायर आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारे बटण, ही किमान सोय हवी. आवाज बसला किंवा वास आला तर काप थांबवून मोटरला विश्रांती द्यावी.

मे महिन्यात कोरड्या हवेत कापलेली चौकट ऑगस्टच्या दमटपणात फुगते. फुगणे मुख्यतः पट्टीच्या रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे ४५ अंशांचा अचूक सांधाही आतून किंवा बाहेरून उघडतो. तो दोष यंत्राच्या माथी मारू नये. लाकूड नीट वाळलेले आहे का, हे आधी पाहावे.

निगा

कोणत्याही दुरुस्तीआधी प्लग काढावा. नुसते बटण बंद असणे पुरत नाही.

विदर्भाचे सागवान नामांकित आहे. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाच्या डेपोतून ते पाठवले गेले. पण पात्याला ते सोपे नाही. त्यात सिलिका असते, जी दात्याची धार खाते, आणि तेलकट अंश असतो, जो दात्याच्या मागे तपकिरी थर होऊन चिकटतो. थर साचला की पाते तापते, लाकूड जळल्याचे डाग येतात, माणूस जास्त जोर लावू लागतो. महाल-इतवारीतल्या पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान तर खिळ्यांनी भरलेले असते. कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. खिळ्याला लागून तुटलेला कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचा दाता गोळीसारखा सुटतो.

पाते काढताना बहुतेक यंत्रांत बोल्टचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून तो आणखी आवळतो. काढलेले पाते धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासावे, पुसून कोरडे करावे. तारेचा ब्रश नको. प्रत्येक दाता उजेडात फिरवून पाहावा. एकही तुटलेला किंवा चिरलेला असेल तर पाते लावू नये. कार्बाइडला धार कानसीने लागत नाही, हिऱ्याच्या चाकावरच लागते. परत बसवताना पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा, म्हणजे पात्याच्या झाकणावरचा, बाण एकाच दिशेला आहेत का, ते बघावे.

सरकदांडे कोरड्या फडक्याने पुसावेत. त्यांना ग्रीस लावले की भुसा त्यावर लेप होऊन बसतो आणि डोके अडखळत सरकते. पावसाळ्यात ओतीव टेबल आणि पात्याची आतली चकती गंजते, म्हणून पातळ मेणाचा हात फिरवून ठेवावा. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश दर काही महिन्यांनी काढून पाहावेत. खुणेच्या रेषेपर्यंत झिजले असतील तर दोन्ही एकदम बदलावेत.

कोन तपासायला गुण्या हवाच, पण फळीची परीक्षा त्याहून चोख आहे. सरळ काठाची रुंद पट्टी घ्यावी, यंत्र शून्यावर ठेवून मधोमध कापावी, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली टोके जुळवावीत आणि सरळ काठ एका रेषेत ठेवावेत. फट दिसली तर ती मूळ चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक चूकही नजरेला येते. फेन्सचे बोल्ट ढिले करून ती सरकवावी आणि पुन्हा कापून पाहावे. खुणेच्या खाचेवर यंत्र 'टक्' करून बसले म्हणजे कोन बरोबर, असे समजू नये. फेन्स किंचित हलली असेल तर खाच बरोबर असूनही काप चुकतो.

खालच्या गार्डची परीक्षा मात्र रोज करायची. प्लग काढून डोके खाली आणावे आणि सावकाश वर सोडावे. गार्ड मध्ये न अडकता पाते पूर्ण झाकत आला पाहिजे. अडकत असेल तर सांध्यातला भुसा ब्रशने काढावा, स्प्रिंग तपासावी. कापाची रेघ दिसत नाही म्हणून तारेने गार्ड वर बांधून ठेवलेली यंत्रे अनेक ठिकाणी आढळतात. अशा यंत्रावर काम करायला कोणी सांगितले तर नकार द्यावा. तो नकार योग्य आहे आणि मालकाने तो ऐकलाच पाहिजे.

इजा झाल्यास

जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा आणि १०८ ला फोन करावा किंवा थेट मेडिकल, मेयो अशा मोठ्या रुग्णालयात जावे. बोट तुटले असेल तर ते शोधून ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती बंद करावी आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये, त्याने पेशी मरतात. नीट गार ठेवलेले बोट काही तासांनीही जोडता येण्याची शक्यता असते, त्यामुळे ते सोडून निघू नये. कारखान्याच्या भिंतीवर हा मजकूर मोठ्या अक्षरांत लावावा. जवळच्या रुग्णालयाचा नंबर त्याच कागदावर असावा.