फॉर्म आधी अडवा, मग सर्व्हरला विचारा
आमची फॉर्म-सेवा वापरणाऱ्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या डेव्हलपरांसाठी माहितीपत्रक

"फॉर्म कधी पोचतो, कधी पोचत नाही." आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारी तक्रार हीच. तिची भावंडंही ठरलेली आहेत: ईमेल आधीच नोंदलेला असला तरी फॉर्म पुढे जातो, एकाच माणसाच्या दोन नोंदी पडतात, बटण दाबलं की पान नुसतंच रिफ्रेश होतं. तपासायला बसलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. ते आमच्या सर्व्हरवर नसतं, तुमच्या पानावरच्या आठ-दहा ओळींत असतं. हात झटकायला हे सांगत नाही. पण तोवर तुमचा आणि आमचा अर्धा दिवस गेलेला असतो आणि दुरुस्ती मात्र एका ओळीची असते, म्हणून हे पत्रक.

एचटीएमएलचा फॉर्म, थोडं जावास्क्रिप्ट आणि फेच (पान न बदलता सर्व्हरशी बोलायची जावास्क्रिप्टची सोय) तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहिलं आहे.

घोळ नेमका कुठे होतो

फॉर्म सबमिट झाला की माहिती गोळा करायची, ॲक्शनमध्ये दिलेल्या पत्त्यावर पाठवायची आणि येईल ते पान उघडायचं, हे ब्राउझरचं ठरलेलं काम आहे. तुमची स्क्रिप्ट असो वा नसो, तो ते करणारच. त्याला अडवायची संधी सबमिट इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म निघताना ब्राउझर स्क्रिप्टला देतो त्या सूचनेत, मिळते. तिथे प्रिव्हेंटडिफॉल्ट ('ठरलेलं काम करू नको' हा आदेश) बोलावलं तर तो थांबतो, नाहीतर निघतो. हा निर्णय त्याला तिथल्या तिथे हवा असतो, नंतर कळवून चालत नाही.

आता नेहमीचं उदाहरण घ्या. नोंदणीच्या फॉर्मवर ईमेल आधीपासून आहे का, हे सर्व्हरला विचारायचं आहे. डेव्हलपर सबमिटचं फंक्शन असिंक करतो, म्हणजे मध्ये थांबू शकणारं. पहिल्या ओळीत फेच, त्याच्यापुढे अवेट, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब'. दुसऱ्या ओळीत उत्तर तपासतो. ईमेल जुना निघाला तर तिसऱ्या ओळीत प्रिव्हेंटडिफॉल्ट. वाचायला अगदी सरळ आहे: विचारलं, बघितलं, नको असेल तर अडवलं. पण पहिला अवेट आला की ताबा ब्राउझरकडे परत जातो. कुणी अडवलेलं नाही असं बघून तो फॉर्म पाठवायला घेतो. सर्व्हरचं उत्तर येऊन तिसरी ओळ चाललीच, तरी ती गाडी फलाटावरून सुटल्यावर लाल बावटा दाखवण्यासारखी. वाईट भाग असा की अशा वेळी कन्सोलमध्ये एरर येत नाही. ओळ मुकाट्याने चालते आणि काहीच घडत नाही.

हीच चूक जुन्या वेषातही भेटते. फॉर्मच्या ऑनसबमिटमध्ये 'रिटर्न तपासा' असं लिहिलेलं असतं आणि ते फंक्शन नंतर कुणीतरी असिंक केलेलं असतं. असिंक फंक्शन खरं-खोटं परत देत नाही, प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची नुसती पावती) देतं. ब्राउझर तिथे फक्त 'फॉल्स' आलं का एवढंच बघतो. प्रॉमिस म्हणजे फॉल्स नव्हे, त्यामुळे आतून फॉल्स परत केलं तरी फॉर्म जातोच. जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) वापरणाऱ्यांकडे 'रिटर्न फॉल्स' सक्सेसच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, बसलेलं असतं. ते त्या कॉलबॅकपुरतं परत जातं, फॉर्मला त्याचा पत्ताही लागत नाही.

"पण आम्ही टेस्ट केलं होतं, तेव्हा चाललं." चाललं असणारच. चाचणीत बहुतेक जण योग्य ईमेल टाकतात आणि योग्य ईमेल असताना फॉर्म जायलाच हवा असतो. अडवणं काम करतं की नाही, हे चुकीची माहिती टाकल्याशिवाय कळत नाही. भर म्हणून, डेव्हलपरच्या मशीनवर सर्व्हर शेजारीच असल्याने उत्तर झटकन येतं. खऱ्या वापरात फेचचं उत्तर यायच्या आत नवं पान उघडतं आणि ती अर्धवट रिक्वेस्ट ब्राउझर सोडून देतो. आमच्या सर्व्हरपर्यंत ती कधी पोचलेली असते, कधी नसते. दोन नोंदींचं गूढही इथेच उलगडतं: फेच नुसतं विचारत नसून माहितीही पाठवत असेल, तर एक नोंद फेचने आलेली, दुसरी ब्राउझरने स्वतः पाठवलेली.

क्रम असा ठेवा

फंक्शनची पहिली ओळ प्रिव्हेंटडिफॉल्ट. विनाअट. अवेटच्या आधी, तपासणीच्या आधी, बटणावर 'पाठवत आहोत' लिहायच्याही आधी. मधल्या एखाद्या ओळीत एरर आली आणि फंक्शन तिथेच कोसळलं, तर ब्राउझर आपल्या मार्गाने निघून जातो, म्हणून हा आग्रह. आधी फॉर्म हातात घ्या, मग सावकाश विचारा.

लिसनर (इव्हेंट आला की चालणारं तुमचं फंक्शन) फॉर्मच्या सबमिटवर लावा, बटणाच्या क्लिकवर नको. क्लिक ब्राउझरच्या तपासणीआधी येतं. 'रिक्वायर्ड' रकाना रिकामा असला तरी क्लिकवरचं फेच सुटतं, आणि मग अर्धवट नोंदी आम्ही का घेतल्या असं आम्हालाच विचारलं जातं. काही जण यावर उपाय म्हणून बटणाचा टाइप 'बटन' करतात. त्यातून नवीच भानगड उभी राहते. फॉर्ममध्ये मजकुराचा एकच रकाना असेल आणि सबमिटचं बटण नसेल, तर एंटर दाबल्यावर ब्राउझर फॉर्म पाठवतोच. क्लिकच झालेलं नसल्याने तुमचं फंक्शन चालतच नाही. कूपन कोडचे आणि ओटीपीचे फॉर्म यात हमखास सापडतात. उलट बाजूही सांगून ठेवतो: फॉर्मच्या आत टाइप न लिहिता ठेवलेलं कुठलंही बटण सबमिटचंच असतं, मग त्यावर 'पासवर्ड दाखवा' लिहिलेलं का असेना.

सर्व्हरने होकार दिल्यावर फॉर्म नेहमीच्या पद्धतीने पाठवायचा असेल तर दोन वाटा आहेत. फॉर्मचं 'सबमिट' हे मेथड थेट बोलावलं तर सबमिट इव्हेंट पुन्हा येत नाही, त्यामुळे चक्र फिरत बसत नाही. मात्र ब्राउझरची तपासणी त्यात होत नाही आणि दाबलेल्या बटणाचं नाव-मूल्यही सोबत जात नाही. 'रिक्वेस्टसबमिट' तपासणी करतं, इव्हेंटही पाठवतं. म्हणून ते वापरताना 'तपासून झालं आहे' अशी खूण ठेवा, नाहीतर फॉर्म स्वतःलाच अडवत राहील. आणि एक बारीक पण छळणारी गोष्ट: फॉर्ममधल्या कुठल्याही बटणाला किंवा रकान्याला 'सबमिट' हे नाव देऊ नका. दिलंत, तर फॉर्मचं सबमिट मेथड त्या नावाखाली झाकलं जातं आणि कन्सोल म्हणतो, हे फंक्शनच नाही.

बटण बंद करणं चांगलंच, पण फॉर्मडेटा (भरलेल्या रकान्यांचा गठ्ठा) आधी तयार करा आणि रकाने नंतर बंद करा. बंद रकान्यांची माहिती फॉर्मडेटात येत नाही. सगळा फील्डसेट आधी बंद करून मग 'तुमच्याकडे रिकामा फॉर्म आला कसा' असं विचारणारे ग्राहक आम्हाला नवे नाहीत. रिक्वेस्ट फसली तरी बटण पुन्हा चालू व्हायला हवं, म्हणून ती ओळ 'फायनली'मध्ये (यश असो वा एरर, शेवटी चालणाऱ्या भागात) लिहा. फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइपचा हेडर हाताने लावू नका. मल्टिपार्टची (भाग-भाग करून जाणाऱ्या मजकुराची) सीमाखूण ब्राउझर स्वतः ठरवतो. तुम्ही लावलेल्या हेडरमध्ये ती नसते आणि आमच्याकडे आलेला मजकूर उलगडत नाही.

आम्ही ज्या गोष्टींना नाही म्हणतो

"रिक्वेस्ट सिंक्रोनस करून द्या, प्रश्नच मिटेल." ही मागणी अजूनही येते. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टमध्ये (फेचच्या आधीची जुनी पद्धत) तशी सोय आहे हे खरं, आणि उत्तर येईपर्यंत सगळं थांबत असल्याने वरची चूक झाकलीही जाते. पण थांबतं म्हणजे अख्खं पान गोठतं: स्क्रोल नाही, टायपिंग नाही, 'रद्द करा' नाही. मुख्य पानावरचा हा वापर कालबाह्य ठरवला गेला आहे आणि ब्राउझर कन्सोलमध्ये तशी ताकीदही देतात. फेचमध्ये ही सोय मुळातच ठेवलेली नाही. आमच्या स्क्रिप्टमध्येही ती येणार नाही.

"चूक असली तरी २०० पाठवा, आमचा कोड सोपा होतो." नाही. २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा आकडा आहे; माहिती चुकीची असेल तर आम्ही ४२२ पाठवतो आणि कुठल्या रकान्यात काय चुकलं ते सोबत देतो. खरी अडचण अशी की फेच ४२२ किंवा ५०० (सर्व्हरवरची चूक) आला म्हणून एरर टाकत नाही. नेटवर्क तुटलं, ब्राउझरनेच रिक्वेस्ट अडवली किंवा ती मध्येच सोडून दिली तरच तो 'कॅच'मध्ये, म्हणजे एरर झेलणाऱ्या भागात, जातो. बाकी सगळं त्याच्या लेखी यशस्वीच. रिस्पॉन्सचं 'ओके' तपासलं नाही, तर सर्व्हरने नाकारलेल्या फॉर्मवरही 'धन्यवाद' झळकतं आणि माणूस निर्धास्त होऊन निघून जातो. एक अट लिहा, आकडा खोटा करायला सांगू नका.

"तोच टोकन दुसऱ्यांदा पाठवला तर नवी नोंद का होत नाही?" मुद्दामच होत नाही. आमच्या स्क्रिप्टने भरलेल्या प्रत्येक फॉर्मला एक टोकन, म्हणजे त्याची वेगळी ओळखखूण, असतो. तो पुन्हा आला की आम्ही पहिल्या वेळचंच उत्तर परत देतो. बटण बंद करून दुहेरी क्लिक थांबतं, पण नोंद झाल्यावर उत्तर परत येताना नेटवर्क गेलं तर माणूस पुन्हा पाठवणारच, आणि त्याचं काही चुकत नाही. वेळेची मर्यादा घालून रिक्वेस्ट मध्येच सोडून दिली तरी हेच होतं. ब्राउझरने ऐकणं थांबवलं म्हणून सर्व्हरवर झालेलं काम पुसलं जात नाही. पैशांच्या किंवा जागा राखून ठेवण्याच्या फॉर्मवर हा टोकन काढून टाकायची विनंती कृपया करू नका.

ॲक्शन आणि मेथड फॉर्ममध्ये राहू द्या, हा आमचा आणखी एक हट्ट. 'आम्ही तर फेचने पाठवतो, ते कशाला' म्हणून पुष्कळ जण दोन्ही काढून टाकतात. त्याने फॉर्म थांबत नाही. ॲक्शन नसेल तर तो त्याच पानाकडे जातो आणि मेथड नसेल तर गेटने, म्हणजे माहिती पत्त्यातच जोडून, जातो. पान रिफ्रेश झाल्यावर ॲड्रेस बारकडे नीट बघा: पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, त्यापुढे रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि भरलेला फोन नंबर, मग आणखी एक रकाना. पासवर्डचा रकाना असेल तर तोही तसाच, उघडा. हे सगळं ब्राउझरच्या हिस्टरीत राहतं आणि बहुतेक सर्व्हरांच्या लॉगमध्येही. दोन्ही जागच्या जागी असतील, तर तुमची स्क्रिप्ट लोड झाली नाही तरी फॉर्म पोस्टने आमच्याकडे येतो. नोंद करून आम्ही ३०३ ने ('या दुसऱ्या पानावर जा' सांगणारा आकडा) धन्यवादाच्या पानावर पाठवतो, म्हणजे रिफ्रेश केलं तरी दुसरी नोंद पडत नाही.

आणि स्क्रिप्टने तपासलं म्हणून आम्ही पुन्हा तपासायचं सोडत नाही. पानावरची तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते. फॉर्म न उघडताही आमच्या पत्त्यावर कुणीही काहीही पाठवू शकतो.

आमची स्क्रिप्ट वापरलीत तर

वर सांगितलेला क्रम, टोकन, फायनली, ओकेची तपासणी हे सगळं आमच्या तयार स्क्रिप्टमध्ये आहे. पानावर एक टॅग आणि फॉर्मवर एक ॲट्रिब्यूट पुरतं. मधली तपासणी तुमची स्वतःची हवी असेल तर तुमचं असिंक फंक्शन तिला द्या. ती आधी फॉर्म अडवते, मग तुमच्या उत्तराची वाट बघते. स्वतःचाच कोड ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. सेवा तीच मिळते, फक्त त्या कोडमधला दोष शोधण्याचं काम आम्ही वेगळं आकारतो. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांना तेही लागत नाही, आणि साइट नव्याने लाइव्ह करण्याआधी त्यांचे फॉर्म आम्ही चुकीची माहिती भरून तपासून देतो.

तक्रार पाठवताना

फोन करण्याआधी एवढं करा. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा. ही टिक नसेल तर पान बदलताच सगळी यादी पुसली जाते आणि 'काहीच गेलं नाही' असा समज होतो. आता फॉर्म भरा आणि पाठवा. यादीत फेचच्या ओळीपुढे 'कॅन्सल्ड' आणि तिच्या आगेमागे 'डॉक्युमेंट' प्रकारची तुमच्याच फॉर्मची ओळ दिसली, तर ब्राउझरने फॉर्म स्वतः पाठवला आहे. प्रिव्हेंटडिफॉल्ट कुठल्या ओळीवर आहे ते बघा. फेचची ओळ पूर्ण झालेली असेल आणि स्टेटस ४२२ किंवा ५०० असेल, तर त्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स कॉपी करा आणि वेळेसह आम्हाला पाठवा. ४२२ मध्ये चुकलेल्या रकान्याचं नाव असतंच. ५०० असेल तर तो आमचा प्रश्न, आणि तो आम्ही रांगेत सगळ्यांत आधी घेतो.