नाशिकमधल्या इलेक्ट्रिक दुचाकी

बॅटरीवर चालणारी स्कूटर किंवा बाईक, नाशिककर हिला 'ईव्ही' नाहीतर सरळ 'बॅटरीवाली गाडी' म्हणतात. हिचे दोन प्रकार रस्त्यावर दिसतात. एक 250 वॅट मोटरची, ताशी 25 किमीच्या आतली, जिला लायसन्स लागत नाही आणि पासिंगपण नाही, आणि दुसरी फुल स्पीडवाली, एमएच 15 ची हिरवी नंबरप्लेट असलेली. घ्यायची तर दुसरीच घ्यावी, पहिली उड्डाणपुलावर दोघांना घेऊन चढताना दमते.

हिशोब सोपा आहे. 1 किलोवॉट-तास म्हणजे लाईटबिलातलं एक युनिट, त्यामुळे 3 किलोवॉट-तासाची बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी साडेतीन युनिटच्या आसपास वीज घेते (चार्जरमध्ये थोडी वाया जाते) आणि त्यात गाडी 80-100 किमी पळते, आणि सिडको ते सातपूर किंवा नाशिकरोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) असं रोजचं जाणंयेणं वीस-पंचवीस किमीत आटपतं म्हणून शहरात रेंजची चिंता करायची गरजच नाही. त्र्यंबकला जाऊन येणंही जमतं, पण डबलसीट वणीच्या गडावर जायचं तर घाटात बॅटरी भराभर उतरते, उतारावर ब्रेक मारताना थोडी परत भरते तेवढंच.

खरी अडचण पार्किंगची! चार्जिंगला बऱ्याच गाड्यांना 15 अँपिअरचा पॉइंट लागतो, बंगलेवाल्यांचं भागतं, पण इंदिरानगर, पंचवटीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये आपल्या मीटरपासून खाली पार्किंगपर्यंत केबल ओढायची तर सोसायटीची परवानगी आणि नीट अर्थिंग दोन्ही लागतं, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे, ते धोक्याचं आहे.

आगीची भीती लोकांच्या मनात आहे आणि ती उगाच नाही, एप्रिल 2022 मध्ये नाशिकमध्येच एका कंटेनरमधल्या 40 पैकी 20 नव्या स्कूटर जळाल्या होत्या. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 नियम कडक झाले. उन्हाळ्यात तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, अर्धा तास थांबावं.

ईव्ही घेणाऱ्यांसाठीची केंद्राची फेम-2 सबसिडी एप्रिल 2019 ला सुरू झाली, जून 2023 मध्ये घटली आणि मार्च 2024 ला योजना संपली, त्यानंतर त्याच वर्षी पीएम ई-ड्राइव्ह ही नवी योजना आली. जीएसटी मात्र 2019 पासून 5 टक्केच.

नाशिकसाठी याहून मोठा विषय सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींचा आहे. इथे बॉशचा डिझेल इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) कारखाना, महिंद्राचा गाड्यांचा कारखाना आणि त्यांच्यावर जगणारी कितीतरी छोटी वर्कशॉप आहेत. दुचाकीत डिझेल नसतं हे खरं, पण टेम्पो, बस, कार बॅटरीवर जायला लागल्या की इंजेक्टर, नोझलचं काम कमी होणारच. मोटरचे शाफ्ट, वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), बॅटरीचे केसिंग ही कामं आपल्याकडे आत्ताच यायला हवीत, नाहीतर गाड्या नाशिककर चालवतील आणि पार्ट बनतील पुण्यात नाहीतर तमिळनाडूतल्या होसूरला.